रंग ओला आहे

घरच्या घरी बास गिटार तयार करणाऱ्या माणसाला "झाली का हो?" असं विचारू नये. तो म्हणतो, "झालीच. आता फक्त फिनिशिंग राहिलंय." आपल्याकडे सुताराने 'फक्त पॉलिश राहिलंय' म्हटलं की जाणती माणसं वास्तुशांतीचा मुहूर्त निमूटपणे पुढच्या महिन्यावर ढकलतात. इथे अडचण अशी की सुतार आणि गिऱ्हाईक एकच असतो. ओरडायचं कोणी आणि कोणावर?

आमचे चिरंजीव आयर्लंडात, कॉर्क शहरात, संगणकाच्या कंपनीत कामाला आहेत. दिवसभर पडद्यावर जे करतात ते हाताला लागत नाही, म्हणून संध्याकाळी हाताला लागेल असं काहीतरी करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. इतरांची मुलं अशा वेळी पाव भाजतात. आमच्याने बास गिटार करायला घेतली. आम्ही दोघं मिरजेहून तिकडे गेलो ते उन्हाळ्यात. म्हणजे तिथल्या पंचांगाप्रमाणे उन्हाळा. आमच्या हिशेबाने तो आषाढ होता, आणि आम्ही असेपर्यंत श्रावण काही लागला नाही.

बास गिटारला तारा चार, त्याही जाडजूड, आणि काम सगळं खर्जाचं. सर्वांत खालची तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा थरथरते. ती ऐकू येते असं मैफलीत कोणी म्हणत नाही. थांबली की मात्र काहीतरी हरवल्याचं सगळ्यांना जाणवतं. आता, आपण ऐकू येणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला निदान आपण दिसावं असं वाटणारच. बासच्या रंगावर माणसं एवढा जीव का टाकतात, याचं माझ्यापुरतं उत्तर हे. डब्लिनला ते आणखी पटलं. तिथे ग्राफ्टन स्ट्रीटला लागून हॅरी स्ट्रीट नावाची लहानशी गल्ली आहे. थिन लिझी या बँडचा गायक आणि बासवादक फिल लायनट याचा ब्राँझचा पुतळा २००५ साली तिथे बसवला आहे. या गृहस्थाचा बास काळाकुळकुळीत, आणि तारांखाली जिथे प्लॅस्टिकची पट्टी असते तिथे चक्क आरसा. स्टेजवरच्या दिव्यांचा झोत त्या आरशात पकडायचा आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांवर सोडायचा, हा त्याचा खाक्या. खर्ज कानात शिरला नाही तर डोळ्यात घालू.

तर आमच्याकडचं लाकूड. ते ॲशचं. आयर्लंडात ॲश हे नुसतं लाकूड नाही. हर्लिंग नावाचा जो त्यांचा पुरातन खेळ आहे, त्याच्या काठ्या या झाडाच्या बुंध्यातून निघतात. मुळं जिथे वळतात तिथलाच भाग लागतो, म्हणजे रेषा काठीच्या वळणाबरोबर वळतात आणि काठी मोडत नाही. त्यात २०१२ साली लीट्रिम परगण्यात ॲशला मारणारी बुरशी सापडली, ती पुढे देशभर पसरली, आणि आता काठ्यांचं पुष्कळसं लाकूड बाहेरून येतं. अशा परिस्थितीत आमच्या शेडमध्ये ॲशची दणदणीत फळी येऊन पडली ही बातमी गल्लीत लपून राहिली नाही.

शेजारचे एक निवृत्त गृहस्थ कुंपणाशी आले. त्यांनी आधी आमची चौकशी केली. महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे लिओ वराडकरांच्या गावचे?" त्यांच्या या माजी पंतप्रधानांच्या वडिलांचं वराड मालवण तालुक्यात, आमची मिरज घाटावर, पण सात समुद्र ओलांडून आल्यावर घाट आणि कोकण हा वाद काढण्यात अर्थ नव्हता. मी मान डोलावली. मग ते फळीकडे वळले, हात फिरवला, आणि एखाद्या घरी दुःखाला जाऊन आल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "यात तीन-चार काठ्या सहज निघाल्या असत्या."

कापणं, कोरणं, मान बसवणं हे सगळं यथासांग पार पडलं. त्यात विनोदी काही नाही. चिरंजीवांचा हात चांगला आहे, सांधा नखाला लागत नव्हता. खरा प्रकार त्यानंतर सुरू झाला. पांढरंशुभ्र लाकूड शेडमध्ये टेबलावर पडलेलं, आणि त्याच्याभोवती मतं.

पहिलं मत नायट्रोवाल्यांचं. चिरंजीवांच्या ओळखीतले एक गिटारप्रेमी घरी आले आणि चहा यायच्या आत त्यांनी निकाल दिला, की गिटारला नायट्रोसेल्युलोज लॅकरच पाहिजे, कारण त्यातून लाकडाला श्वास घेता येतो. मी फळीकडे पाहिलं. झाड तोडलं, चिरलं, भट्टीत सुकवलं, रंधलं, त्याला भोकं पाडून त्यात लोहचुंबक बसवायची तयारी केली. या सगळ्यातून गेल्यावरही ते श्वास घ्यायचं म्हणत असेल तर त्याला फिनिशिंगची नव्हे, डॉक्टरची गरज आहे. मेलेल्या झाडाला प्राणायाम शिकवणारा हा पंथ जगभर पसरलेला आहे असं नंतर कळलं. गंमत अशी की ज्या जुन्या फेंडर गिटारींच्या नायट्रोची ही मंडळी आरती करतात, त्यातल्या साठच्या दशकातल्या कित्येकींच्या नायट्रोखाली कंपनीनेच कडक कृत्रिम सीलरचा थर दिलेला असे. श्वास असलाच तर तो तिथेच कोंडलेला.

मुळात बासच्या भरीव फळीवर कोणता लेप आहे याने आवाजात फारसा फरक पडत नाही. पोलादी तार हलते, खालचं चुंबक ते टिपतं, बाकीचं काम विजेचं. पोकळ वाद्याची गोष्ट निराळी. उत्तर आयर्लंडात डाउनपॅट्रिकला जॉर्ज लोडन यांचा कारखाना आहे, १९७४ पासून ते गिटारी करतात. तसल्या गिटारीची वरची पाटी दोन-तीन मिलिमीटरची, तिला जाड लेप दिला तर ती बोलायचीच नाही. सतारीच्या तबलीचंही तेच. तिथे लेप किती जाड हा आवाजाचा प्रश्न आहे. बासमध्ये तो अब्रूचा प्रश्न आहे.

नायट्रोचं घराणं मात्र मोठं आहे, हे मान्य केलं पाहिजे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की हे द्रव्य होतं. एका रूपात ते तोफेची दारू होतं, दुसऱ्या रूपात दादासाहेब फाळक्यांच्या काळातली सिनेमाची फिल्म होतं, आणि तिसऱ्या रूपात मोटारीचा रंग होतं. पहिली दोन रूपं भडकन पेटतात म्हणून प्रसिद्ध आहेत. तिसऱ्याचं नाव ड्युको. आपल्याकडे फर्निचरवाला "साहेब, कपाटाला ड्युको मारू का?" असं विचारतो, तोच हा, अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीचा. फेंडरने १९५१ साली आपला पहिला विजेवरचा बास बाजारात आणला, आणि पुढे गिऱ्हाइकांना रंगीत गिटारी हव्या झाल्या तेव्हा लिओ फेंडर यांनी चित्रकाराकडे न जाता मोटारीचे रंगच उचलले. आज ज्या लालनिळ्या गिटारी पाहून माणसं हळवी होतात, ते रंग मुळात त्या काळच्या मोटारींचे आहेत. म्हणजे तत्त्वतः आपल्याकडे ॲम्बेसेडर रंगवणाऱ्या कोणत्याही गॅरेजवाल्याने उत्तम बास रंगवला असता. त्याला कोणी विचारलं नाही.

पण नायट्रोला कोरडी हवा लागते, आणि चिरंजीव राहतात आयर्लंडात. इथल्या हवामानखात्याच्या हिशेबाने पूर्व किनाऱ्यावर वर्षातले दीडशेच्या आसपास दिवस ओले असतात आणि पश्चिमेकडे ही संख्या २२५ पर्यंत जाते. ज्या दिवशी पाऊस नसतो त्या दिवशी हवेत तो पाऊस तयारीत उभा असतो. दमट हवेत नायट्रो फवारलं की त्यातला द्राव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं, आणि पारदर्शक लेप ताक सांडल्यागत पांढरा पडतो. चिरंजीवांनी एका टाकाऊ तुकड्यावर प्रयोग केला. परिणाम पाहून आमची ही म्हणाली, "चांगलंय की, चुन्याची सफेदी केल्यासारखं दिसतंय." त्यानंतर नायट्रोचा विषय घरात निघाला नाही.

दुसरा उमेदवार पॉलियुरेथेन. दोन डब्यांतली द्रव्यं एकत्र करायची, फवारायची, आणि मग नातवंडांनी हातोडी मारली तरी टवका उडत नाही असं कवच. पण त्यातल्या घट्ट करणाऱ्या द्रव्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट, त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. सूनबाईंनी डब्यावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. हे काम या घरात आजवर कोणी केलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांनी डबा शांतपणे दुकानाच्या पिशवीत परत ठेवला, आणि पावतीही त्यांनीच शोधली.

शेजारचे गृहस्थ आता रोज येऊ लागले होते. त्यांचं मत बोटीचं व्हार्निश. कॉर्कचं बंदर मोठं. क्रॉसहेवनला तर १७२० साली सुरू झालेला नौकाविहाराचा क्लब आहे, जगातला सर्वांत जुना असं ते छाती फुगवून सांगतात. त्यामुळे कॉर्कच्या माणसाला लाकूड दिसलं की त्याला समुद्र दिसतो. मी म्हटलं बोट आणि बास यांचा काय संबंध, तर चिरंजीव म्हणाले, तसं नाही बाबा, संबंध आहे. जॅको पास्टोरियस नावाचा अमेरिकेतला थोर बासवादक. त्याने आपल्या बासच्या मानेवरचे पडदे उपटून काढले आणि उघड्या लाकडावर बोटीचा एपॉक्सी ओतला, म्हणजे तारांनी लाकूड खाऊ नये. शेजाऱ्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. पण एपॉक्सी वेगळा आणि व्हार्निश वेगळं. बोटीचं व्हार्निश मुद्दाम लवचीक ठेवलेलं असतं, कारण डोलकाठी उन्हापावसात फुगते आणि आकसते. गिटारच्या मानेला ते लावलं तर अंगठा चिकटतो. वाजवणारा एकाच सुरात राहतो.

मग तेलं. हा शांत, सात्त्विक लोकांचा पंथ. टंग ऑइल हे चीनमधल्या झाडाच्या बियांचं. डॅनिश ऑइल म्हणजे डेन्मार्कचं काही नव्हे. थोडं तेल, थोडं व्हार्निश, थोडं पातळ करायचं द्रव्य, ज्याची त्याची पाककृती. जवसाचं तेल आपल्याला क्रिकेटच्या बॅटीमुळे ठाऊक आहे. लहानपणी बॅटला तेल पाजून पाजून खेळायचं राहून गेलेली मुलं प्रत्येक आळीत असायची. आणि गिटार करणाऱ्यांचं सगळ्यांत लाडकं तेल आहे ट्रू-ऑइल, जे मुळात बंदुकीच्या दस्त्यासाठी निघालं.

बंदूक म्हटल्यावर मला राहवलं नाही. कारण मी मिरजेचा.

मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत ज्यांची घराणी सतारी आणि तंबोरे करतात, ते मूळचे शिकलगार. तलवारींना, भाल्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांनी तोच बारीक हात वाद्यांकडे वळवला. तेव्हापासून मिरजेची सतार. २०२४ साली तिला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे आमच्याकडे हत्यारांचा कारागीर वाद्यांकडे आला, आणि यांच्याकडे हत्यारांचं तेल. आमच्याकडे जरा लवकर आला इतकंच.

आणि मिरजेत वाद्याला काय लावतात? चपडा. लाखेच्या किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ गोळा करायची, धुवायची, वितळवून ताणायची, तिच्या पातळ पापड्या होतात त्या चपडा. पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवल्या की पॉलिश तयार. मी चिरंजीवांना म्हटलं, "अरे, तुझ्या आजोबांच्या घराच्या दाराला हेच होतं. इकडे याला फ्रेंच पॉलिश म्हणतात."

"बाबा, किड्यांचं?" सूनबाई.

मी म्हटलं, चकचकीत चॉकलेटच्या गोळ्यांच्या पाकिटावर ई ९०४ असं लिहिलेलं असेल तर तो हाच किडा. सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि कपाटं उघडण्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. आमची ही मात्र वेगळ्याच काळजीत. "लाखेचं म्हणजे पेटायचं नाही ना? त्या कौरवांनी पांडवांना..." मी तिला समजावलं, की शेडमध्ये पाच भाऊ आणि आई झोपायला जाणार नाहीत.

चपड्याची खरी अडचण महाभारतातली नाही. तो स्पिरिटमध्ये विरघळतो हा त्याचा गुण आहे, आणि आयर्लंडात तोच अवगुण. इथे संगीत पबमध्ये होतं. बासवर व्हिस्की सांडली तर पॉलिश मऊ पडायचं. ओला पेला टेकवला तर पांढरं कडं उमटायचं. सतारीवर कोणी पेला टेकवत नाही. निदान मैफल चालू असताना तरी.

हे सगळं चाललं असताना आम्ही बाजारहाटाला गावात जायचो, तेव्हा वाटेत एक छोटा चौक लागायचा. रोरी गॅलाहर प्लेस. रोरी गॅलाहर हा गिटारवाला डोनेगलमध्ये जन्मला, कॉर्कमध्ये वाढला, आणि १९९५ साली गेला. कॉर्ककरांच्या लेखी तो अजून इथेच कुठेतरी आहे. फिनिशिंगवर ज्याला बोलायचं असेल त्याने याच्या गिटारची कहाणी ऐकल्याशिवाय तोंड उघडू नये.

१९६१ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. सांगतात ते असं, की रॉयल शोबँड या तेव्हाच्या नामांकित बँडच्या गिटारवाल्याने ती अमेरिकेहून मागवली. त्याने मागवली होती लाल. आली ती सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेला काळपट होत जाणारी. लाल येईपर्यंत त्याने ती वापरली आणि लाल आल्यावर दुकानाला देऊन टाकली. कॉर्कच्या क्राउलीज या दुकानात १९६३ साली ती जुनी म्हणून विकायला आली, आणि पंधरा वर्षांच्या रोरीने १०० पौंडांना, हप्त्याने घेतली. आयर्लंडातली सगळ्यांत थोर गिटार त्या पोराच्या हाती आली ती रंग चुकला म्हणून. रंग बरोबर आला असता तर शोबँडवाल्याने ती जन्मभर हातची सोडली नसती.

पुढे ती डब्लिनला चोरीला गेली आणि काही दिवसांनी पावसात एका खंदकात पडलेली सापडली. नंतर रोरीचा घाम. त्याच्या घामात आम्ल जास्त होतं असं त्याचे चाहते सांगतात. वर्षानुवर्षं रात्रीच्या रात्री वाजवून तो सनबर्स्ट असा गेला, की गिटारवर रंग शोधावा लागतो. बहुतेक सगळं उघडं, मळकट लाकूड. हीच गिटार ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात निघाली आणि दलालीसकट ८,८९,४०० पौंडांना गेली. एका आयरिश जलसेवाल्यानेच ती घेतली आणि देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. आणि फेंडर कंपनी तिच्या हुबेहूब प्रती काढते: नवी कोरी गिटार घ्यायची, तिला सनबर्स्ट लावायचा, आणि मग रोरीच्या गिटारवर जिथे जिथे रंग उडालाय तिथे तिथे तो मोजून खरवडायचा. गिऱ्हाईक दोन्ही मजुऱ्या देतो, लावण्याचीही आणि काढण्याचीही.

चिरंजीवांना मी हे सगळं त्या चौकात उभं राहून ऐकवलं. म्हटलं, ज्या लेपाचा तू एवढा विचार करतोयस तो टिकला तर गिटारची किंमत शंभर पौंड, आणि गेला तर नऊ लाख. ते म्हणाले, "बाबा, मधे रोरी लागतो." मुलगा हुशार आहे.

रंगाचं त्यांचं मन पहिल्यांदा काळ्यावर होतं, लायनटमुळे. पण काळा रंग दोन तोंडांनी बोलतो. सांध्यातल्या फटी आणि त्यात भरलेली लांबी तो बेमालूम झाकतो, आणि पृष्ठभागावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक लाट आरशात धरल्याप्रमाणे दाखवतो. पारदर्शक लेपाचं उलटं: लाटा माफ, पण सांधा उघडा. सुताराने कोणता लेप निवडला यावरून त्याला आपल्या कुठल्या कामाची लाज वाटते ते कळतं. चिरंजीवांचा सांधा चांगला होता, तेव्हा पारदर्शक ठरलं. घोडी, खुंट्या, डोकं यांची मापं ठरली. डोक्यावर काहीतरी चिन्ह हवं म्हणून सूनबाईंनी वीणा सुचवली, आयर्लंडची निशाणी. ती कल्पना शेजाऱ्यांनी मोडली. गिनेस या बिअरवाल्यांनी वीणा १८७६ साली आपल्या नावावर नोंदवून ठेवली; १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सरकारलासुद्धा आपली वीणा उलट्या तोंडाची करून घ्यावी लागली. तिसऱ्या तोंडाची वीणा अजून कोणाला सुचलेली नाही. डोकं कोरंच राहिलं.

मग काचकागद. हा भाग कोणी वर्णन करत नाही, कारण यात बोलण्यासारखं काही नसतं आणि सगळं यातच असतं. ८० नंबरापासून १२०, १८०, २४०, ३२० असं चढत जायचं, रेषेच्या दिशेने. प्रत्येक वेळी वाटतं झालं गुळगुळीत. मग ओल्या फडक्याने पुसायचं: लाकडाचे दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात, आणि दोन नंबर मागच्या कागदाचे आडवे ओरखडे, जे कोरड्यात दिसतच नव्हते, ते एकेक करून वर येतात. चिरंजीव त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसायचे आणि पुन्हा मागच्या नंबरावर जायचे. ॲशची छिद्रं मोठी, ती भरायला आणखी एक लेप, तो पुन्हा घासून काढायचा. जेवढं लावलं त्यातलं बहुतेक जमिनीवर.

शेवटी तोडगा निघाला तो दोन्ही घराण्यांना मान देणारा. मेण काढून टाकलेल्या चपड्याचं एक वैशिष्ट्य आहे: तो कशावरही बसतो आणि त्याच्यावर काहीही बसतं. म्हणून खाली चपड्याचे पातळ हात, वर ट्रू-ऑइलचे. खाली मिरज, वर बंदूक.

चपडा लावायचा तो कुंचल्याने नव्हे, बोळ्याने. कापसाची गोळी, तिच्याभोवती जुनं सुती कापड, खाली सुरकुती नाही असं पिळून धरायचं. मिरजेला यासाठी धुऊन धुऊन विरत आलेलं धोतर वापरतात. त्याचे तंतू सुटत नाहीत. कॉर्कमध्ये धोतर कुठलं? माझा एक जुना बनियन कामी आला. बोळा पॉलिशमध्ये बुडवायचा नाही, त्याला ते पाजायचं. मग हाताच्या मागे दाबून बघायचं, ओल दिसली पाहिजे पण थेंब पडता कामा नये. फळीवर उतरताना हात चालता हवा आणि उचलतानाही चालता हवा. मधे थांबलात की खालचा हात उकलतो आणि कापडाची वीण लेपात छापली जाते. आठाच्या आकड्यात फिरवत राहायचं. चिरंजीवांना तिसऱ्या हाताला ते साधलं. ॲशच्या रेषा आतून उजळल्या, मधासारखी पिवळी झाक आली असं मी म्हणणार होतो, पण शेजारी आधीच म्हणाले, "व्हिस्की."

तेलाचा हात मात्र वाळेना. शेड ओली, फळी चिकट. इथल्या घरांत जिन्याशेजारी एक कपाट असतं, हॉट प्रेस म्हणतात त्याला. आत गरम पाण्याची टाकी, वर फळ्या, त्यांवर टॉवेल, चादरी, धुतलेले कपडे कोरडे होतात. घरातली एकमेव जागा जिथे आयर्लंड पोचलेलं नाही. गिटारची फळी तारेने तिथे टांगली गेली. दारावर चिरंजीवांनी मराठीत पाटी लावली: रंग ओला आहे. आम्ही सगळे त्या दिवसांत ट्रू-ऑइलच्या वासाचे शर्ट घालून हिंडत होतो. ऑफिसात कोणीतरी सूनबाईंना विचारलं, की तुम्हाला शिकारीचा नाद आहे का.

बास गिटार आता वाजते. चांगली वाजते असं चिरंजीव म्हणतात. मला ती ऐकू येत नाही, पण बंद केली की कळतं. तिच्या मानेवर अंगठ्याची जागा मंद होत चालली आहे, आणि चिरंजीव ती जागा पुन्हा घासून तेल द्यावं का, याचा विचार करताहेत. मी त्यांना कॉर्कच्या त्या चौकाची आठवण करून दिली आणि गप्प बसलो.

घरी बास करायला घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की आधी फिनिशिंग ठरवा आणि मग लाकूड आणा. नाहीतर लाकूड येऊन पडेल आणि आयुष्य मतं ऐकण्यात जाईल. आणि तेल निवडलंत तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. जवसाचं तेल असलेली फडकी वापरून झाल्यावर चुरगाळून डब्यात टाकू नका. तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, वाळताना तापतं, आणि चुरगाळ्यात ती धग कोंडून फडकी आपोआप पेट घेतात. लाक्षागृहाला मग चपड्याचीही गरज नाही. फडकी पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा, नाहीतर बाहेर एकेक उलगडून पसरा. आयर्लंडात असाल तर नुसती बाहेर पसरलीत तरी चालेल. पाण्याची सोय वरून होते.